बाबांचा जोहार

आमच्या घरात शिव्या चालत, तो शब्द चालत नसे. म्हशीला, पावसाला, लाखांदूरहून उशिरा येणाऱ्या एसटीला बाबा मनापासून शिव्या घालत आणि माय चुलीपुढं बसून गालात हसे. पण 'जोहार' हा शब्द घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तो आपल्या घरात नाही, हेही मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

कळलं ते शाळेत. सातवीत होतो. कुठल्याशा धड्यात तो शब्द आला आणि गुरुजींनी अर्थ विचारला. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "याले इचारा ना गुर्जी, याच्या घरचा शब्द हाये." चारदोन पोट्टे हसले. मला खरंच काही उमगलं नाही. वाटलं, धान कापायचं एखादं अवजार असेल, बाबांनी माळ्यावर ठेवलेलं. गुरुजींनी हसणाऱ्यांना दटावलं आणि फळ्यावर लिहिलं, 'जोहार : नम्र वंदन'. मी ते वहीत उतरवून घेतलं. अक्षर माझं चांगलं होतं. बाकी फारसं काही चांगलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना बाबांना विचारलं, बाबा, जोहार म्हणजे नम्र वंदनच ना? बाबांचा हात भातात थांबला. माय माझ्याकडं अशी पाहू लागली, जणू मी चप्पल घालूनच चुलीपाशी येऊन बसलो होतो. बाबांनी हात धुतला आणि बाहेर जाऊन सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, बसून राहिले. ताटातला भात मायनं झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते मला बांधीवर घेऊन गेले. आमच्याकडं धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. आमची बांधी गावच्या तलावाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी आलं का ते बघून आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलो, आणि तिथं बाबांनी मला तो शब्द सांगितला. सांगितला म्हणजे अर्थ नाही सांगितला, रीत सांगितली. पूर्वी गावात रामराम होता तो त्यांचा त्यांच्यात. आपल्या लोकांनी रामराम घालायचा नाही. पाटलाच्या घरावरून जायचं तर वहाणा हातात घ्यायच्या, दारापासून लांब उभं राहायचं, वाकून हात जमिनीला लावायचा, मग कपाळाला, आणि म्हणायचं, जोहार मायबाप. मी विचारलं, मग पाटील काय म्हणे? बाबा म्हणाले, काही नाही. मर्जी असली तर 'असू दे'. नाहीतर तेही नाही. आपण वाकायचं, उठायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

छप्पन साली बाबांचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्या दिवसापासून घरात 'जय भीम' आला आणि जोहार गेला. बायका बदलल्या, पोरं बदलली. एकट्या बाबांच्या आजाला जमलं नाही. उभा जन्म त्या म्हाताऱ्याची जीभ तशी वळली होती. घरात तो आठवून आठवून जय भीम म्हणे, पण रस्त्यावर पांढरं धोतर दिसलं की कंबर आपोआप वाके आणि जोहार बाहेर पडे. बाबांचे वडील रागावले की म्हातारा रडे. म्हणे, मी म्हनत नाही रे बाप्पा, निंगून जाते.

मग म्हातारा तापानं पडला. बाबा तेव्हा अगदी लहान. घरातले सगळे धानाच्या रोवणीला गेलेले आणि आजाजवळ बसायला बाबांना ठेवलेलं. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. बाबांनी गडवा तोंडाला लावला. म्हातारा प्यायला, डोळे उघडून त्यानं बाबांकडं पाहिलं, दोन्ही हात कपाळाला नेले आणि म्हणाला, जोहार मायबाप.

"मी त्याचा नातू," बाबा म्हणाले. "ढुंगनाले चड्डी नव्हती माह्या. अन मले जोहार घातला त्यानं."

तेच म्हाताऱ्याचं शेवटचं बोलणं.

बाबांनी नजर तलावाकडं वळवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तो शब्द हाडात रायते बापू. म्हनून सांगून ठेवतो. माहा शेवट आला का माह्या तोंडातून तो निंगू देऊ नोका. पानी पाजा, तोंडावर हात ठेवा, कायपन करा. तुह्या मायलेबी सांगून ठेवलं हाये."

मी "हव" म्हणालो. त्या वयात दुसरं काय म्हणणार. उठताना धोतराची माती झाडत ते म्हणाले, "अन मास्तरले सांगजो, वंदन विहारात होते." हे मी गुरुजींना सांगितलं नाही. माझी छाती झाली नाही.

बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. पोत्याखाली पाठ वाकलेली असे, पण पोतं उतरलं की ते इतके ताठ चालत की लोक मागून थट्टा करत, "काय गा, काठी गिळली का?" मतं मागायला कोणी आलं, हात जोडून दारात उभं राहिलं, तरी बाबा एक हात वर करून जय भीम म्हणत आणि काम काय ते विचारत. हात जोडायचे ते फक्त विहारात. मी आठवीत नापास होऊन शाळा सोडली तेव्हा त्यांनी मला मारलं नाही. म्हणाले, शिकला असतास तर खुर्चीवर बसून जय भीम म्हटलं असतंस, आता उभ्यानं म्हण. पण म्हण.

मग मीही काही वर्षं पोती उचलली. पुढं विजेच्या मोठ्या टॉवरलाईनच्या कामावर एक ठेकेदार आमच्या भागातली पोरं घेऊन गेला, त्यात मी गेलो. टॉवर उभे करायचे, तारा ओढायच्या, काम सरलं की तंबू उचलून पुढं जायचं. असं करत करत झारखंडात पोचलो, रांचीच्याही पुढं, डोंगराच्या मुलखात. पहिल्याच सकाळी मी डबा घेऊन पाण्याला निघालो होतो. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली. माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "जोहार."

मी मागं वळून पाहिलं. माझ्या मागं कोण पाटील उभा आहे म्हणून.

मागं कोणी नव्हतं. तो जोहार मला होता. मी डबा तसाच रिकामा घेऊन परत आलो.

तिथं सगळेच तो शब्द म्हणतात. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला. दुकानदार गिऱ्हाइकाला, सोयरा सोयऱ्याला. बसथांब्यावरच्या पाटीवरसुद्धा तो लिहिलेला असतो. आमच्या साकोलीकडच्या जंगलातले गोंड लोक आपसांत जोहार म्हणतात, हे मी ऐकून होतो. पण ते त्यांचं. इथं तो शब्द दिवसभर माझ्या अंगावर येत होता आणि मला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी सगळ्यांना नमस्ते म्हणू लागलो.

त्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. टॉवर ज्याच्या शेतात उभा होता तो एक मुंडा आदिवासी म्हातारा. ठेकेदारानं तळ पुढं हलवला आणि मी ताडपत्रीखाली कण्हत राहिलो. मागून गाडी पाठवतो म्हणाले होते. गाडी आली नाही. म्हातारा आपली गुरं बघायला आला होता. मला बघून बायकोला बोलावलं आणि दोघांनी मिळून मला घरी नेलं. माझी जात, गाव, धर्म काही विचारलं नाही. म्हातारी मला भाताची पेज पाजायची आणि मी ओकलो तर पुन्हा करायची. उभा राहू लागलो तेव्हा म्हाताऱ्यानं ओळखीच्या वेल्डिंगच्या दुकानात मला लावून दिलं आणि आपल्या घरामागची खोली दिली. मी तिथंच राहिलो, अजून तिथंच आहे. आज मी जिवंत आहे तो त्या दोघांमुळं. हे मी कुठंही, कोणापुढंही सांगेन.

पण त्या म्हाताऱ्याचा जोहार मी कधी परत केला नाही. रोज सकाळी तो अंगणात दात घासत उभा असायचा आणि मी दिसलो की म्हणायचा, "जोहार बेटा." मी म्हणायचो, नमस्ते काका. त्याची बायको हसायची. म्हणायची, याच्या जिभेला फोड आलाय, जोहार आला की दुखतो. म्हातारा हसून सोडून द्यायचा. पण मला भीती वाटायची की हे दोघं मनात म्हणत असतील, पोरगा कृतघ्न आहे. ज्यांच्या हातची पेज पिऊन जगलो त्यांना साधा त्यांचा शब्द देता येत नाही. कधी कधी मी खोलीत एकटा असताना म्हणून बघायचो. 'जो' पर्यंत यायचं. मग मला भातात थांबलेला बाबांचा हात दिसायचा.

बाबांना लकवा मारला हे मला उशिरा कळलं. मायनं फोन केला तेव्हा त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरीसुद्धा आणलं होतं. आधी का नाही सांगितलं, म्हणालो, तर म्हणे, "तू तिकडं भेवून भेवून मेला असता." मायला मी माहीत आहे. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली, असं तिनं सांगितलं. डोळे चालतात, कान चालतात, माणूस ओळखतात, पण एक शब्द नाही.

"डॉक्टर म्हनते," ती म्हणाली, "बोलनं एकदम येनार नाही. जे निंगल ते निंगू द्या. अडवू नोका."

फोन चालूच होता. मी तलावाची पाळ आठवत होतो आणि माय काय आठवत होती ते मला माहीत होतं.

मी निघालो तेव्हा म्हातारा माझ्याबरोबर निघाला. नको म्हटलं तरी ऐकेना. या अवस्थेत तुला एकट्याला गाडीत बसवणार नाही, म्हणाला. करंजाच्या तेलाची बाटली घेतली, लुळ्या अंगाला चोळायला, आणि आपल्या शेतातले तांदूळ. मी म्हणालो, काका, आमच्याकडं धानच धान आहे. तो म्हणाला, आजारी माणसाकडं रिकाम्या हातानं जातात का.

सगळ्या वाटेत मला एकच काळजी खात होती. बाबांची होतीच, पण ही वेगळी. या माणसाला कसं सांगायचं, की तुमचा शब्द आमच्या घरात उच्चारू नका? ज्या शब्दानं ते पाहुण्याला घरात घेतात, देवाला हाक मारतात, तो आमच्या घरी घाण आहे, असं सांगायचं का? रायपूर गेलं, मी बोललो नाही. गोंदियाला उतरलो, बस धरली, तरी बोललो नाही. साकोलीच्या स्टँडवर चहा घेताना शेवटी म्हणालो, काका, आमच्या घरात नमस्ते म्हणायचं.

तो म्हणाला, "जोहार नहीं?"

"नहीं."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ठीक आहे बेटा. पण पुढं लाखांदूरपर्यंत खिडकीतून धानाकडं बघत बसला.

घरी पोचलो तर सपरीत बाबांची खाट. मी ज्यांना काठी गिळलेला माणूस म्हणून ओळखत होतो ते एका कुशीवर कलले होते आणि मायनं त्यांच्या तोंडाची लाळ पुसायला खांद्यावर फडकं घेतलं होतं. अंगणात गल्लीतल्या चारदोन बाया बसल्या होत्या. बाबांनी मला पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. ओठ हलले, आवाज नाही. मी त्यांचा डावा हात धरून बसलो.

म्हातारा पायरीशी उभा होता. त्यानं पायताण काढलं, वर आला आणि खाटेवरच्या माणसाकडं पाहिलं. त्याला माझं बोलणं आठवत होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. पण पुढ्यात आपल्याच वयाचा आजारी माणूस पाहून त्याचे हात आपोआप जुळले, कंबर वाकली आणि त्याच्या तोंडून निघालं, "जोहार दादा."

अंगणातल्या बायांनी माना वळवल्या.

बाबांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो डावा हात हळूहळू कपाळापर्यंत गेला. तोंड वाकडं झालं, गळ्यात काहीतरी घरघरलं आणि अगदी स्पष्ट, आम्ही इतके दिवस वाट पाहत होतो तसा स्पष्ट, शब्द आला.

"जोहार."

मायनं एका झेपेत येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बाबा डोळे मोठे करून तिच्याकडं पाहत राहिले. तिच्या हाताखालून पुन्हा तोच आवाज येत होता, दबलेला. डॉक्टर म्हणाले होते, अडवू नका. बाबा म्हणाले होते, निघू देऊ नका. दोघांच्या मधे माझा हात होता आणि त्या हाताचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी मी मायचा हात काढला. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "तूच आनलास घरात." आणि आत गेली.

ती माझ्याबद्दल बोलली की पाहुण्याबद्दल की शब्दाबद्दल, मी कधी विचारलं नाही. तिन्ही खरं होतं.

पाहुण्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तलावाच्या पाळीवरच नेऊन सांगितलं, माझ्या तुटक्या हिंदीत. आजा, पाणी, चड्डी नसलेला नातू. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हमारे जोहार में ऊपर-नीचे नहीं होता बेटा. इधर से गया, उधर से आया. बस." आणि थोड्या वेळानं म्हणाला, मला वाटलं तुझ्या जिभेला खरंच फोड आहे.

त्या दिवसापासून त्यानं आमच्या घरात तोंडच उघडलं नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी बाबांच्या पायाला करंजाचं तेल चोळायचा, गप्प. मायनं वाढलं तेवढं जेवायचा, ताट स्वतः घासून ठेवायचा. मायनं त्याच्यापुढं एकही वावगा शब्द काढला नाही. उलट त्यानं आणलेल्या तांदळाचा भात तिनं बाबांना पहिल्यांदा भरवला. पण दोघांची नजर मिळत नसे.

बाबांचं मात्र सुरू झालं होतं. त्यांना तेवढा एकच शब्द आला होता. तहान लागली, जोहार. कूस बदलायची, जोहार. बकरी अंगणात शिरली, जोहार. सूर वेगळे असायचे, रागाचा वेगळा, मागण्याचा वेगळा, पण शब्द तोच. माय पुढं बसून लहान पोराला शिकवावं तसं सांगायची, म्हना, जय भीम. ज-य. बाबा तिच्या ओठांकडं नीट बघत. त्यांचेही ओठ तसे वळत. घाम येई. आणि बाहेर पडे ते जोहारच. त्यांनाही ते ऐकू येत असणार. ऐकून ते मान भिंतीकडं वळवत. मी ते बघू शकत नव्हतो, उठून बांधीवर जात असे.

पाहुणा निघाला त्या सकाळी तो खाटेजवळ आला, वाकला, हात जोडले आणि काहीच म्हणाला नाही. माझ्यासाठी म्हणाला नाही, मायसाठी म्हणाला नाही. बाबांनी त्याला जोहार म्हटलं. तो गप्प. बाबांनी पुन्हा म्हटलं, हात कपाळाला नेऊन, आणि वाट पाहत राहिले. तो तसाच हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी. मग पायरी उतरून गेला. बाबांची नजर फाटकापर्यंत त्याच्या मागं गेली. मी त्याला एसटीवर पोचवून परत आलो तरी ते फाटकाकडंच बघत होते. कोणाला हाक मारावी आणि त्यानं मागं वळून पाहू नये, तसं तोंड झालं होतं त्यांचं.

त्यानंतर दोनचार दिवसांनी धाकटे पाटील आले. पूर्वीच्या पाटलाचा नातू, जवळपास माझ्याच वयाचा, शाळेत दोन वर्षं पुढं. चांगला माणूस आहे. बाबांना भंडाऱ्याला नेलं ते त्याच्याच गाडीतून. भंडाऱ्याजवळचा कारध्याचा पूल येईपर्यंत बाबांचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं, असं माय सांगते. तो आला, खाटेशी बसला, कसं काय काका म्हणाला. बाबांचा हात कपाळाला गेला.

"जोहार."

धाकट्या पाटलाला कुठं बघावं कळेना. मान खाली घालून, बाबांचा हात हळूच खाली आणत तो म्हणाला, "असू द्या काका, असू द्या."

त्याला वाईट वाटलं म्हणूनच तो तसं म्हणाला, हे मला दिसत होतं. पण मायनं ते दोन शब्द ऐकले आणि दाराच्या चौकटीला धरून तिथंच खाली बसली. त्याच घरातून, त्याच शब्दांत उत्तर आलं होतं, बाबांच्या आजाला यायचं तसं. तो गेल्यावर तिनं बाबांची खाट आतल्या खोलीत घ्यायला लावली. सपरीतली हवा बरी होती, म्हटलं तर म्हणाली, "हवा कायले पायजे? हवेसंग ऐकूबी जाते." तेव्हापासून कोणी भेटायला आलं की ती दारातच सांगते, झोपले आहेत. जो माणूस गल्लीतून मान वर करून चालायचा, तो आता बंद खोलीत आहे, कारण त्याचा एक शब्द बाहेर जाऊ नये.

मला परत यावं लागलं. दुकानातलं काम किती दिवस सोडून राहणार, आणि औषधं तर लागणारच. निघताना बाबांच्या पाया पडलो नाही, आमच्यात ते नाही. जय भीम म्हणालो. ते म्हणाले, जोहार. आणि पाहुण्याची वाट पाहिली होती तशीच माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिले. मी पिशवी उचलली.

गाडीत बसल्यावर मला ते तोंड पुन्हा पुन्हा दिसू लागलं. मी शिकलेला नाही, मला फार खोलातलं कळत नाही. पण एवढं कळलं, की बाबा म्हाताऱ्याला जोहार म्हणाले तेव्हा म्हाताऱ्याचा जोहार आधी आला होता. आमच्या घराला कोणी आधी जोहार घातला, असं कधी घडलंच नव्हतं. आमच्याकडून तो फक्त जात आला होता. त्या दिवशी आलेला त्यांनी परत केला. की जुनंच हाडातलं निघालं? मी कितीही विचार केला तरी मला ठरवता येत नाही, आणि ज्यांना विचारावं त्यांच्याजवळ एकच शब्द आहे.

इथं आल्यावर संध्याकाळी दुकान बंद करून फोन लावला. मायनं फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांचा श्वास ऐकू आला. मी म्हणालो, बाबा, पोचलो. तिकडून आलं, जोहार. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. रस्त्यानं माणसं कामावरून परतत होती आणि एकमेकांना तेच म्हणत होती. वाटत होतं, बाबाच पाठीमागं बसले आहेत आणि भातात हात थांबवून ऐकत आहेत.

"जोहार बाबा," मी म्हणालो.

तिकडं बाबा गप्प झाले. मग एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज आला आणि पुढं काही नाही.

आता रोज तसंच चालतं. म्हातारा कधी कधी माझ्या शेजारी पायरीवर बसलेला असतो, ऐकतो, बोलत नाही. आमच्या गावाहून आल्यापासून तो सकाळी मला "नमस्ते बेटा" म्हणतो. माझ्या मनाला लागू नये म्हणून. मला ते फार लागतं, पण तुमचा जोहार परत सुरू करा, असं म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

परवा मायला मी भीत भीत विचारलं. म्हणालो, तूही एकदा परत म्हणून बघ ना. ते वाट बघतात. मागं बाबांचा आवाज येत होता.

"माह्यानं होत नाही बापू," ती म्हणाली. "मी त्याईले वचन देल्लं हाये. मी जय भीमच म्हनीन, अन त्याईचं तोंड उघडलं का माहा हात तोंडावर जाईनच. तू म्हन. तू लांब हायेस, तुह्यावाला गल्लीत ऐकू येत नाही." मग हळूच म्हणाली, "तू म्हनला का ते झोपते. लाव फोन रोज."

मी लावतो. रोज वाटतं, आज तिकडून काही येणारच नाही. घंटी वाजत राहते, माय उचलते, खाटेचा करकर आवाज येतो, आणि मी वाट पाहतो.